‘पॉश’ बोटीतून उतरलेला नाही

‘पॉश’ शब्दाचा एक फॉरवर्ड अधूनमधून व्हॉट्सॲपवर डोकं वर काढतो. साहेबाच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटी विलायतेहून मुंबईला येत. येताना डाव्या (पोर्ट) आणि परतताना उजव्या (स्टारबोर्ड) बाजूच्या केबिनला ऊन कमी, म्हणून श्रीमंत त्याच घेत. मग ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं जांभळ्या शाईत तिकिटावर उमटत आणि तोच झाला ‘पॉश’. गोष्ट फक्कड आहे, पण खोटी.

शिक्क्याचं पाहा. इतक्या वर्षांत इतकी तिकिटं विकली गेली, पण असा शिक्का असलेलं एकही पुढे आलेलं नाही. कंपनीच्या दप्तरातही त्याचा पत्ता नाही.

उन्हाचा हिशेब अगदीच पोकळ नाही. भूमध्य समुद्रात पूर्वेकडे निघालेल्या बोटीची उजवी बाजू दक्षिणेला, म्हणजे उन्हात असते. पण खरा उकाडा तांबड्या समुद्रात, आणि तिथे बोट वळते दक्षिणेकडे. सकाळी डावीकडचे भाजणार, दुपारनंतर उजवीकडचे. जूनमध्ये अरबी समुद्रात तर मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेलाच, म्हणजे त्या ‘सावलीच्या’ डाव्या बाजूला. वर मोसमी वारा उजवीकडून! आणि समजा, डावी केबिन बरी होती. तेवढ्याने शब्द तिथून आला असं ठरत नाही.

तारखाही जुळत नाहीत. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. शब्द या मार्गावरच्या बोटींतून आला असता, तर पुढच्या पन्नास वर्षांत तो साहेबांच्या घरोघरी पोचला असता. पण सप्टेंबर १९१८च्या ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात हवाई दलातला तरुण अधिकारी आईला सांगतो, वेळ ‘पॉश’ गेला. आणि आई विचारते, पॉश म्हणजे रे काय? साहेबी घरातल्या बाईला बोटीवरचा म्हणे इतका रुळलेला शब्द ठाऊकच नाही. बोटीची गोष्ट छापील स्वरूपात दिसते ती १९३५मध्ये. तशीही आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची हौस विसाव्या शतकातली. (आद्याक्षरांचा अस्सल ‘पॉश’ हवा असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आपला २०१३चा कायदा आहे.)

मग शब्द आला कुठून? कोशकार अजून ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असंच लिहितात. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, चिल्लर नाणं. १८९०च्या सुमाराच्या एका कोशात छानछोकी करणारा माणूस, असाही अर्थ आहे. नाण्याचा अर्थ रोमा (जिप्सी) लोकांच्या रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला, असं बरेच अभ्यासक मानतात. रोमानी ही भारतीय आर्यकुळातली भाषा. तेव्हा ‘पॉश’चं भारताशी नातं काढायचंच असेल, तर ते या वाटेने निघण्याची शक्यता बोटीपेक्षा जास्त.