तरुण उद्योजकांनो, गिऱ्हाइकाला तेवढं भेटू नका

धंदा सुरू करायचं ठरवलंत, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे लोगो. त्याला घाई करू नका. निळा घ्यायचा की जरा कमी निळा, यावर भागीदारांत अबोला होईपर्यंत चर्चा व्हायला हवी. या काळात कुणी विचारलंच की विक्री कशी चाललीय, तर ‘सध्या ब्रँडिंगवर फोकस आहे’ एवढंच म्हणायचं. पुढचा प्रश्न विचारायची कुणाची छाती होत नाही. कंपनीत माणसं दोनच असली, तरी एक सीईओ आणि दुसरा को-फाउंडर हवा. फोन कोण उचलणार, हा प्रश्न त्या दोघांच्याही दर्जाला शोभत नाही.

आपला माल कुणाला हवाय का, हे विचारत फिरू नका. ‘लोकांना विचारलं असतं तर त्यांनी आणखी जोरात पळणारे घोडे मागितले असते’ हे हेन्री फोर्डचं वाक्य पाठ करून ठेवा. फोर्ड असं काही म्हणाल्याचा पुरावा अजून कुणाला सापडलेला नाही, पण असल्या बारीकसारीक गोष्टींत उद्योजकाने पडू नये. अगदीच राहवलं नाही तर मित्रांना विचारा, ‘आयडिया कशी वाटली?’ ते ‘भारी!’ म्हणतील. झालं मार्केट सर्वेक्षण. ‘आत्ता पैसे देऊन घेशील का?’ असं मात्र विचारू नका. मैत्रीही टिकवायची असते.

काही लोकांनी या बाबतीत फार वाईट पायंडे पाडून ठेवलेत. लोकांची घरं-खोल्या ऑनलाइन भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचंच बघा. २००९ साली धंदा रडतखडत चालला होता. अशा वेळी शहाण्या माणसाने लोगो बदलला असता. पण हे संस्थापक न्यूयॉर्कला गेले, घर भाड्याने देणाऱ्यांचे दरवाजे ठोठावत हिंडले आणि भाड्याच्या कॅमेऱ्याने त्यांच्या खोल्यांचे चांगले फोटो काढून दिले. कारण काय, तर साइटवरचे फोटो इतके भिकार होते की बघणारा बुकिंगच करत नव्हता. हे घरबसल्या कुठल्याही आलेखात दिसलं नसतं, असं म्हणतात. स्ट्राइपवाले भाऊ तर त्याहून आगाऊ. ऑनलाइन पैसे घेण्याची त्यांची सोय वापरून बघायला कुणी ‘हो’ म्हणालं, की ‘लिंक पाठवतो’ म्हणून सुसंस्कृतपणे निघून जायचं सोडून ते म्हणायचे, ‘लॅपटॉप दे इकडे’, आणि तिथल्या तिथे सगळं बसवून द्यायचे. आता कंपनीच्या मालकाने हे असलं काम करायचं? तुम्ही लिंक पाठवा. समोरच्याने ती उघडली नाही तर त्याला अजून डिजिटलचं महत्त्व कळलेलं नाही, असं समजा.

आता प्रसिद्धी. इथे हात आखडता घ्यायचा नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरायचा सल्ला कुणी देईल, त्याच्या नादी लागू नका. त्या यादीत २५६ जण बसतात आणि मेसेज पोचतो तोही फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांना. म्हणजे ज्यांना तुमच्याकडून काही ऐकायचंय त्यांनाच. तसल्या लोकांचं आपल्याला काय करायचंय? ग्रुप काढा. त्यात १,०२४ जण मावतात आणि ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ ही सेटिंग बहुतेकांनी बदललेली नसते, त्यामुळे विचारावंही लागत नाही. शाळासोबती, जुने शेजारी, कधीतरी लिफ्ट दुरुस्त करून गेलेला माणूस, सगळे घ्या. लोक भराभर बाहेर पडतील. त्यांना पुन्हा घ्या.

या परंपरेला इतिहास आहे बरं. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्री अधिकाऱ्याने अर्पानेटवरच्या (इंटरनेटच्या आधीचं संगणकांचं जाळं) सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली होती. लोक भडकले, तंबी मिळाली, आणि आज ती जगातली पहिली स्पॅम ईमेल म्हणून ओळखली जाते. त्यातून आपला माल खपला, असं त्या गृहस्थाने पुढे अनेकदा सांगितलं. खपलाही असेल. त्या दिवशी चारशे जणांच्या पेटीत दुसरी जाहिरातच नव्हती. एवढा एक तपशील सोडला तर तुमची परिस्थिती अगदी तशीच आहे.

पोस्ट टाकताना एक पथ्य पाळा. किंमत लिहायची नाही. काहीही झालं तरी नाही. फोटो सुंदर, खाली तीस हॅशटॅग, ‘स्वप्नांना पंख’ वगैरे मजकूर. मग बघा कसं होतं. सकाळी अकराला कुणीतरी विचारतं, ‘किंमत?’ तुम्ही दुपारी चारला उत्तर देता, ‘इनबॉक्स चेक करा डिअर.’ इनबॉक्समध्ये तुम्ही लिहिलेलं असतं, ‘हॅलो डिअर, तुमचा व्हॉट्सॲप नंबर?’ तो नंबर देतो. रात्री त्याला एकोणीस पानांची पीडीएफ जाते. त्यात कंपनीचं ध्येय आहे, संस्थापकांचा हाताची घडी घातलेला फोटो आहे, शेवटच्या पानावर धन्यवाद आहे. किंमत नाही. तो पुन्हा विचारतो, ‘पण किती?’ तुम्ही म्हणता, ‘तुमचं बजेट काय?’ एव्हाना त्याने ती वस्तू दुसरीकडून घेतलेली असते, पण हरकत नाही. एका माणसाकडून तीन मेसेज निघाले. याला एंगेजमेंट म्हणतात.

परीक्षणं स्वतःच लिहा. पाच तारे, एकाच रात्री, ‘अप्रतीम सर्विस’ हे शब्द सगळीकडे त्याच ऱ्हस्व-दीर्घासकट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या परीक्षणांवर बंदीचा नियमच केला, दंडासकट. म्हणजे ही पद्धत किती लोकप्रिय असेल बघा. चुकून खरी तक्रार आलीच, तर सगळ्यांसमोर गिऱ्हाइकालाच चार शब्द सुनवा, ‘तुम्ही सूचना नीट वाचल्या नाहीत’ अशी सुरुवात चांगली पडते.

सवलतीबद्दल मात्र व्हॅक्यूम क्लीनरवाल्या हूवरकडून शिकावं. १९९२ साली या कंपनीच्या ब्रिटिश शाखेने जाहीर केलं, शंभर पौंडांचा माल घ्या आणि दोन विमानतिकिटं फुकट मिळवा. आधी युरोपची, मग चढत्या क्रमाने थेट अमेरिकेची. हिशेब असा होता की अटी आणि अर्ज यांच्या चरकात बहुतेक लोक कंटाळून तिकिटं सोडून देतील. लोक कंटाळले नाहीत. शंभर पौंडांत अमेरिकेची दोन तिकिटं मिळताहेत म्हटल्यावर त्यांनी गरज असो नसो, व्हॅक्यूम क्लीनर घेतले. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांना फटका बसला, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या आणि १९९५ मध्ये युरोपातला धंदाच एका इटालियन कंपनीला विकावा लागला. पण गर्दी? गर्दी विचारू नका! तुम्हालाही गर्दीच हवी आहे ना?

पेट्स डॉट कॉमचं नावही आदराने घ्यायला हवं. माल खरेदीपेक्षा कमी भावात विकायचा, वर पाळीव प्राण्यांच्या खाण्याची जडजड पोती घरपोच पाठवायची आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जाहिरात करायची. त्यांच्या जाहिरातीतलं मोज्याचं बाहुलं घराघरांत पोचलं. फेब्रुवारीत शेअर बाजारात आले, नोव्हेंबरात गाशा गुंडाळला. बाहुलं पुढे दुसऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत कामाला लागलं, म्हणजे त्या सगळ्या खटाटोपात निदान एकाचं तरी करिअर झालं.

जुन्या गिऱ्हाइकाचं काय करायचं? काही नाही. ते आलंय ना, मग संपलं. ऑफर फक्त नव्यांसाठी, आणि ती जुन्याच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी लावा. फायली ऑनलाइन साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने मित्राला आणणाऱ्यालाही साठवणीची जादा जागा दिली आणि येणाऱ्यालाही. दोघांनाही! वापरणाऱ्यांनीच मग तोंडी प्रचार केला म्हणे. पण तोंडी प्रचाराचा स्क्रीनशॉट काढता येत नाही, गुंतवणूकदाराला काय दाखवणार?

एवढी सगळी काळजी घेऊनही एखादं गिऱ्हाईक थेट येऊन ठेपतंच. घाबरायचं नाही. साइटच्या कोपऱ्यात चॅटबॉट बसवून ठेवा, हसऱ्या चेहऱ्याचा.

‘नमस्कार! मी आपली काय मदत करू?’

‘मला पन्नास नग हवेत. शुक्रवारपर्यंत मिळतील का?’

‘छान प्रश्न! कृपया पर्याय निवडा. १. आमच्याविषयी. २. आमचा प्रवास. ३. पुरस्कार. ४. करिअर.’

‘पैसे आत्ता भरतो. कुणाशी बोलता येईल का?’

‘क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया १ ते ४ मधून निवडा.’

दोन-तीनदा असं झालं की तो खिडकी बंद करून जातो. ते संभाषण यंत्रणेत आपोआप ‘यशस्वीरीत्या निकाली’ या रकान्यात जमा होतं. महिन्याच्या अहवालात हा आकडा सगळ्यात वर घ्या, ठळक अक्षरांत, आणि रंग तो ठरलाय तोच निळा वापरा. ठरला असेल तर.