पोर्टवर चालणारा कन्व्हर्टर आणि २५ मिलीॲम्पिअरचा हिशेब

पॅनेल वायरिंग आणि मीटर रीडिंगची कामं करणाऱ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरतो: "आरएस-२३२ ते आरएस-४८५ कन्व्हर्टरला वेगळा सप्लाय लागत नाही, तो पोर्टवरच चालतो. दोन वायरी पुरतात, ग्राउंड नको. प्रत्येक मीटरला १२० ओहम लावा. ए ला ए, बी ला बी जोडा. तरी डेटा येत नसेल तर कन्व्हर्टर गेला समजा." टेबलावर एकच मीटर जोडून पाहिला तर यातलं बरंचसं खरं वाटतं, म्हणूनच तो पुढे पाठवला जातो. (आरएस-२३२ म्हणजे कॉम्प्युटरचा सिरीयल पोर्ट, आरएस-४८५ म्हणजे एकाच वायरजोडीवर अनेक मीटर जोडायची पद्धत; कन्व्हर्टर या दोघांना जोडतो.) साइटवर यातलं एकेक वाक्य कसं नडतं ते पाहू.

"पोर्टवरच चालतो"

पोर्टवर चालणारे कन्व्हर्टर असतात, यात वाद नाही. ९ पिनच्या कनेक्टरमधल्या डीटीआर (पिन ४) आणि आरटीएस (पिन ७) या कंट्रोल लाइनींमधून ते वीज घेतात; काही जण डेटा पाठवणाऱ्या टीएक्सडीमधूनही (पिन ३) घेतात. पण या लाइनी सिग्नलसाठी आहेत. आरएस-२३२ ड्रायव्हरने (सिग्नल पाठवणाऱ्या सर्किटने) ३ किलोओहमच्या लोडवर किमान ५ व्होल्ट द्यावेत, एवढीच हमी असते. म्हणजे एका लाइनीतून सुमारे १.७ मिलीॲम्पिअर. बरेच पोर्ट याहून जास्त देतात, पण तेवढ्या भरवशावर पॅनेल बांधता येत नाही.

आता मागणी बघा. बसच्या (सगळे मीटर जोडलेल्या आरएस-४८५ लाइनीच्या) दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर, म्हणजे टर्मिनेशन, लावले की कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरसमोर ६० ओहमचा लोड येतो. एवढ्या लोडवरही दोन वायरींमध्ये निदान १.५ व्होल्टचा फरक उभा राहायला हवा. १.५ भागिले ६०, म्हणजे २५ मिलीॲम्पिअर. चिपला लागणारा करंट आणखी वेगळा. दोन लाइनींच्या हमीच्या साडेतीनपेक्षाही कमी मिलीॲम्पिअरमध्ये हे कुठून बसवणार? टेबलावर चालतं, कारण तिथे टर्मिनेशन नसतं आणि एका मीटरचा इनपुट १२ किलोओहम किंवा त्याहून जास्त असतो.

केबलचाही घोळ होतो. फक्त पिन २, ३ (डेटा) आणि ५ (ग्राउंड) अशी तीन वायरींची केबल वापरली तर डीटीआर आणि आरटीएस कन्व्हर्टरपर्यंत पोचतच नाहीत, आणि डेटा जात नसताना टीएक्सडी निगेटिव्ह असते, म्हणून तिचाही भरवसा नाही. सगळ्यात फसवा प्रकार सॉफ्टवेअरचा आहे. काही प्रोग्रॅम पाठवताना आरटीएस चालू करतात आणि उत्तर ऐकताना बंद करतात. त्याच लाइनीवर कन्व्हर्टर जगत असेल तर नेमकी उत्तर येण्याच्या वेळी त्याची वीज जाते. मग "पाठवतोय, पण उत्तर येत नाही" अशी तक्रार येते आणि दोष मीटरच्या माथी मारला जातो.

तपासायला मल्टीमीटर पुरतो. कन्व्हर्टर जोडलेला आणि पोलिंग (मीटरना पुन्हा पुन्हा डेटा विचारणं) चालू असताना काळी प्रोब पिन ५ वर, लाल आधी ४ वर, मग ७ वर ठेवा. आकडा ५ व्होल्टच्या खाली उतरत असेल किंवा पोलिंगबरोबर खालीवर होत असेल, तर वेगळा सप्लाय द्या. त्याआधी लेबल वाचा: काही कन्व्हर्टर फक्त ५ व्होल्टचे असतात, काही ९ ते ३० व्होल्ट घेतात. पाचवाल्याला पॅनेलमधले २४ व्होल्ट दिले की तो जळतो. ॲडॅप्टर वापरणार असाल तर प्लगची मधली पिन पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, ते मोजूनच लावा.

यूएसबी कन्व्हर्टरपुरता हा दावा बहुतेक वेळा ठीक आहे. तिथे ५ व्होल्ट खास सप्लाय म्हणूनच येतात.

"ग्राउंड नको"

सिग्नल दोन वायरींमधल्या फरकाने वाचला जातो हे बरोबर, पण रिसीव्हरला दोन्ही वायरी त्याच्या स्वतःच्या ग्राउंडच्या मानाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्टमध्येच लागतात. दोन पॅनेलचे सप्लाय वेगळे असले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आधी चुका येतात, मग चिप जाते. तिसरी वायर टाका आणि उपकरणाचं सिग्नल ग्राउंड तिला १०० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडा, म्हणजे ग्राउंडमधून मोठा करंट फिरणार नाही. शील्ड हे त्या वायरीचं काम करत नाही. ते एकाच टोकाला अर्थ करा. कन्व्हर्टर आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवलेला) असेल तर त्याचं ४८५ बाजूचं ग्राउंड पिन ५ ला कधीच जोडू नका. तसं केलं तर आयसोलेशनचे पैसे पाण्यात.

"प्रत्येक मीटरला १२० ओहम"

आठ मीटरना लावले तर लोड १५ ओहमवर येतो, आणि ड्रायव्हर ५४ ओहमच्या हिशेबाने बनवलेला असतो. रेझिस्टर फक्त दोन टोकांना. कन्व्हर्टर लाइनीच्या मध्ये बसला असेल तर त्याच्या आतल्या १२० ओहमचा जंपर काढून ठेवा. सगळं बंद करून दोन वायरींमध्ये मोजा: ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एक टोक सुटलंय, ४० आलं तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर आहे.

"ए ला ए, बी ला बी"

मानकात ए ही निगेटिव्ह बाजू आहे, पण बऱ्याच चिप आणि मीटरवर ती पॉझिटिव्ह म्हणून छापलेली असते. अक्षरांपेक्षा अधिक-उणे चिन्हं बघा. ती नसतील तर दोन वायरी अदलाबदल करून पाहा, त्याने काही बिघडत नाही.

"डेटा नाही म्हणजे कन्व्हर्टर गेला"

आधी बस शांत असताना वायरींमधला फरक मोजा. रिसीव्हरला २०० मिलीव्होल्ट लागतात. त्याहून कमी असेल तर रिकामी लाइन तरंगत राहते आणि काही चिप तिथे कचरा अक्षरं वाचतात. उपाय म्हणजे बायस, म्हणजे रिकाम्या लाइनीला ठरावीक फरक देणारे रेझिस्टर: पॉझिटिव्ह वायर ५ व्होल्टला आणि निगेटिव्ह ग्राउंडला, प्रत्येकी ५६० ओहममधून, बसवर एकाच ठिकाणी. ६० ओहमवर त्याने सुमारे २५० मिलीव्होल्ट मिळतात. या रेझिस्टरांमधून वाहणारे सुमारे सव्वाचार मिलीॲम्पिअरही सप्लायमधूनच जाणार, पोर्टच्या हमीत तेसुद्धा बसत नाहीत.

मग लूप, म्हणजे पाठवलेलं स्वतःकडेच परत आणायची चाचणी. कन्व्हर्टर चार वायरींचा असेल तर टी (पाठवायची) प्लस ला आर (ऐकायची) प्लस आणि टी मायनस ला आर मायनस जोडून कॉम्प्युटरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये अक्षरं टाइप करा. तीच परत आली तर कन्व्हर्टर ठणठणीत आहे. दोन वायरींच्या कन्व्हर्टरवर ही चाचणी फसते, कारण पाठवताना त्याचा रिसीव्हर बहुधा बंद असतो. तिथे दुसरा चालू कन्व्हर्टर समोर जोडा, दोन्हीकडे बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायची सेटिंग) सारखी ठेवा, आणि दोन्ही दिशांनी पाठवून बघा.