आठ तासांत पाऊण तास किती वेळा?

चौथीतलं पोरगं सांगेल, दहा वेळा आणि वर थोडं. पोस्टग्रेस या डेटाबेसला विचारा. ‘ऑपरेटर डझ नॉट एग्झिस्ट: इंटरव्हल / इंटरव्हल’, म्हणजे इंटरव्हलला (त्याच्या भाषेत कालावधी) इंटरव्हलने भागायची सोयच नाही. झालं!

इंटरव्हलला 2 ने भागा, चालतं. अडीचने गुणा, चालतं. दोन इंटरव्हलांची बेरीज-वजाबाकी, लहान-मोठं, सगळं चालतं. फक्त भागायचं म्हटलं की साहेबांचे हात वर. मग दर वेळी तीच कसरत: दोन्हीकडे एक्स्ट्रॅक्ट इपॉक लावून सेकंद काढा, मग भागा. मशीन किती टक्के वेळ चालू होतं, एवढं साधं काढायला ओळभर कंस! परवा एक कंस चुकला नि अर्धा तास गेला, तो कोण भरून देणार?

कारण मला ठाऊक आहे हो. इंटरव्हलच्या आत महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद असे तीन वेगळे कप्पे असतात. महिना कधी 28 दिवसांचा, कधी 31 चा, मग भागणार कसं? पटतं. पण मग तुलना करताना हेच महाशय महिना बिनदिक्कत 30 दिवसांचा धरतात. 1 वर्ष बरोबर 360 दिवस का, विचारा, ‘हो’ म्हणतात! आणि इपॉक काढायला गेलं की तेच वर्ष 365.25 दिवसांचं होतं, महिना मात्र 30 वरच. म्हणजे वर्षाला महिन्याने भागलं की उत्तर 12.175.

बारा पूर्णांक एकशे पंच्याहत्तर सहस्रांश महिने. त्या उरलेल्या महिन्याचा पगार कुठे मिळतो?