मालधक्का पाडला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी

आज दुपारी गावच्या ग्रुपवर फोटो आला. स्टेशनाजवळच्या जुन्या मालधक्क्याचे, म्हणजे रेल्वेचा माल चढवायच्या-उतरवायच्या जागेचे, पत्रे उतरवलेत, दगडी भिंतीला जेसीबी लावलाय. खाली लिहिलंय, 'घाण गेली एकदाची, आता पार्किंग होणार.' आणि त्याखाली टाळ्याच टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या वर्गातली पोरं आहेत, ज्यांच्या आज्या त्याच धक्क्यावर सांडलेलं धान्य झाडायच्या.

घाण? अरे, त्या धक्क्यामुळं हे गाव उभं राहिलं.

बार्शी लाईट, म्हणजे आमच्या गावावरून जाणारी अरुंद रुळांची रेल्वे, म्हटलं की सगळ्यांना ती रमतगमत जाणारी छोटी गाडी आठवते. टपावर बसलेली माणसं, वारीची गर्दी. पण ही लाईन टाकली ती आधी मालासाठी. बार्शीच्या बाजारात बालाघाटावरून, निजामाच्या मुलखातून कापूस, गळिताचं धान्य यायचं आणि तिथून बैलगाड्या मुख्य रेल्वेकडं निघायच्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ते हेरलं आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी लाईन सुरू झाली. इंजिन असो की वाघीण, म्हणजे मालाचा डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, हा त्याचा हिशेब. त्यामुळं हलके रूळ पुरायचे, खर्च कमी, आणि तरी वाघिणीत माल बक्कळ मावायचा. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. लातूरची गंजगोलाई, म्हणजे तिथली गोल बाजारपेठ, १९१७ ची आहे, रेल्वे आल्यावर सहा वर्षांनी. बाजारपेठ कुणाच्या पाठोपाठ आली ते यावरून कळतं.

आमच्या गावातही तेच झालं. आधी धक्का, मग अडत, मग जिनिंग, मग हमालांची वस्ती. त्या वस्तीत माझे आबा राहायचे. धक्क्यावर हमाल होते.

बहात्तरच्या दुष्काळातली एक रात्र माझ्या वडिलांनी मला कितीदा सांगितली असेल. अमेरिकेची तांबडी मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आली होती. बंदरावरून मोठ्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथं हमालांनी पोती पाठीवर घेऊन छोट्या वाघिणीत टाकायची, मग आमच्या धक्क्यावर पुन्हा उतरवायची. आज आपण एक बटण दाबून पार्सल मागवतो. तेव्हा एकेक पोतं किती पाठींवरून आलं ते बघा! वडील तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, आबांची भाकरी घेऊन गेलेले. कंदिलाच्या उजेडात एक पोतं आकड्याला लागून फाटलं आणि धान्य फरशीवर सांडलं. सगळे हमाल जागच्या जागी थांबले. सरकारी माल, आणि घरी कुणाच्या चूल पेटलेली नाही.

तुम्ही गडकोटांवर जाता, पायऱ्या झाडता, पोस्ट टाकता. चांगलं करता. मी पण जाते. पण गावातल्या या एकमेव जुन्या इमारतीत कुणी राजा राहिला नाही, म्हणून तिला इतिहास नाही? हमालांच्या घामाला इतिहास म्हणायचंच नाही? हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा. तोही फुकट मिळाला नाही, त्यासाठी लढावं लागलं. आबांची मान अर्धी वाकलेली होती शेवटपर्यंत.

हो, धक्का बरीच वर्षं बंद होता, आत दारूच्या बाटल्या होत्या, साप निघायचे. मान्य. पण तो बंद कसा पडला ते तरी माहीत करून घ्या. पूर्वी दोन पोती, एक ट्रंक, कुणाच्या लग्नाची भांडी, असा सुटा माल घ्यायचे. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडली की माल निघाला. पुढं ऐंशीच्या दशकात रेल्वेचं धोरण बदललं, सुटा माल मागं पडला आणि अख्खी मालगाडी भरेल असाच माल हवा झाला. लहान गावानं अख्खी मालगाडी भरायची कशी? व्यापारी ट्रककडं गेले, आणि धक्क्यावर शेळ्या बसायला लागल्या.

ब्रॉडगेज झालं ते बरंच झालं, त्याबद्दल वाद नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती त्याच रुळांवरून. छोट्या गाडीला ते जमलं नसतं. पण रूळ रुंद करायला धक्का पाडावा लागला नव्हता. तो तेव्हा वाचला होता, आज पार्किंगसाठी गेला.

मिलोचं पोतं फाटलं त्या रात्री मालबाबूनं, म्हणजे धक्क्यावरच्या रेल्वेच्या कारकुनानं, काय केलं सांगते. धान्याकडं बघितलं, वही मिटली आणि म्हणाला, 'मी चहा घेऊन येतो, तोवर फरशी झाडून घ्या.' एक चहा संपायला किती वेळ लागावा? तो चांगला तासाभरानं आला. तोवर वस्तीतल्या बायका आल्या होत्या, फरशी लख्ख झाली होती. आबांनी पटक्यात बांधून आणलेली मिलो आजीनं पहाटे दळली. वडील म्हणायचे, ती भाकरी तांबडी, चवीला कडसर, पण पोटभर होती. त्या बाबूचं नाव आमच्या घरात आजही घेतलं जातं. इथं लिहीत नाही, त्याची माणसं कुठं असतील, त्यांना विचारल्याशिवाय नको.

ही सगळी त्या 'घाणी'तली गोष्ट आहे. संध्याकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून जरा जास्त बोलले असेन. ग्रुपवरच्यांचा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही, शाळेत नाही, घरातही नाही.

आता कामाचं. फोटोत उजवीकडच्या खोलीत जुना लोखंडी तोलकाटा अजून दिसतोय. तो भंगारात जाऊ द्यायचा नाही. वाचनालयात ठेवायला जागा आहे, मी बोलून घेतलंय. उद्या सकाळी दहाला मी तिथं असेन. काटा जड आहे, चार-पाच जण लागतील, टेम्पो कुणाचा असेल तर कळवा. घरात जुन्या बिल्ट्या, हमालीच्या वह्या, धक्क्यावरचा एखादा फोटो असेल तर तोही घेऊन या. आणि ज्यांच्या आज्या अजून आहेत, त्यांनी आज रात्रीच त्यांच्याजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि मिलोबद्दल विचारा.