‘वॉक’ काढून टाका म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सांगलीतल्या इंजिनिअरिंग-डिप्लोमाच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: एका मोठ्या लायब्ररीने (इतरांना वापरायला दिलेल्या तयार कोडच्या संचाने) फोल्डरांमधून फिरणाऱ्या ‘वॉक’ या फंक्शनमधला बदल मागे घेतला, म्हणजे तिथल्या लोकांना काम कळत नाही. मागे घेताना त्यांनी नवा कोड इतिहासातून पुसून टाकला. जुना संथ कोड आपल्या माथी मारला. तसंही ‘वॉक’ काही फोल्डर गुपचूप गाळतं. तेव्हा लायब्ररी सोडा आणि खाली दिलेलं छोटं फंक्शन चिकटवा.

कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, कोणता कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद), यातलं काहीही संदेशात नाही. फंक्शन पायथनमधलं आहे, म्हणून मी पायथनच्या ओएस मॉड्यूलमधलं ‘वॉक’ धरून बोलते.

माझी भाची मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचा बॅकअप सांभाळते. तिने ते फंक्शन स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये घातलं आणि मला विचारलं, “मावशी, बरोबर आहे ना गं हे? सगळे हेच वापरायलेत.” नाही, बरोबर नाही. आणि सगळे वापरत असतील तर जास्तच वाईट. म्हणून सुरुवात त्या फंक्शनपासूनच करते.

ते ‘लिस्टडिर’ने फोल्डरमधली नावं घेतं, ‘हे फोल्डर आहे का’ हे सांगणाऱ्या ‘इसडिर’ला प्रत्येक नाव दाखवतं आणि फोल्डर आहे असं उत्तर आलं की आत शिरतं. घोटाळा इथेच आहे. इसडिर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद) ओलांडून पलीकडे काय आहे ते बघतं. लिंक दुसऱ्या फोल्डरकडे जात असेल तरी ते ‘हो, फोल्डर’ म्हणतं. भाचीची स्क्रिप्ट बॅकअपमधल्या मुदत संपलेल्या फायली काढून टाकते. त्याच बॅकअप फोल्डरात ‘चालू’ नावाची एक सिमलिंक आहे, ती थेट दुकानाच्या खऱ्या बिलांकडे जाते. ‘वॉक’ ती लिंक फोल्डरांच्या यादीत दाखवतं पण आत शिरत नाही, कारण लिंकांच्या आत जायला सांगणारा ‘फॉलोलिंक्स’ हा पर्याय मुळातच बंद असतो. फॉरवर्डमधलं फंक्शन आत शिरलं असतं आणि शेतकऱ्यांच्या जुन्या हिशेबपट्ट्या मुदत संपली म्हणून उडवल्या असत्या. मूळ प्रतच गेल्यावर बॅकअप कशाचा घ्यायचा?

एखादी लिंक आपल्याच वरच्या फोल्डरकडे जात असेल तर आणखी गंमत नाही, ताप आहे. लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, ४० सिमलिंकपर्यंतच चालू देतो, त्यामुळे हे फंक्शन कधीतरी थांबतं. पण तोवर त्याच त्या फायली चाळीसेक वेळा मोजून झालेल्या असतात. अशा दोन लिंक असल्या तर प्रत्येक पातळीला वाटा दुप्पट होतात आणि मशीन बसूनच राहतं. शिवाय हे फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं, आणि पायथनची त्याला मुळातली मर्यादा १००० आहे. ‘वॉक’सुद्धा पूर्वी असंच लिहिलेलं होतं. खोल फोल्डरांवर ते कोसळायचं, म्हणून २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत ती रचना काढली. जी अडचण लायब्ररीने सोडवली, ती हा संदेश परत घरात आणतोय.

आता ‘बदल मागे घेतला म्हणजे काम कळत नाही’. २०१५ मध्ये आलेल्या पायथन ३.५ मध्ये ‘वॉक’ आतून बदललं. आधी ते नावांची यादी घेऊन प्रत्येक नावाची वेगळी चौकशी करायचं. ऑपरेटिंग सिस्टिम यादी देतानाच फाइल की फोल्डर हे बहुतेकदा सांगत असते, ती माहिती वाया जायची. नवीन ‘स्कॅनडिर’ने ती वापरली आणि वेग लिनक्ससारख्या सिस्टिमवर ३ ते ५ पट, विंडोजवर ७ ते २० पट वाढला. हे आकडे पायथनच्या त्या आवृत्तीच्या अधिकृत टिपणातले आहेत. पण त्याच ओएस मॉड्यूलचा सोर्स उघडा. ‘वॉक’च्या आत इश्यू क्रमांक २३६०५ चा उल्लेख करणारी कॉमेंट आहे. तिचा अर्थ असा: स्कॅनडिरने आधीच सांगितलेलं ‘ही सिमलिंक आहे का’ याचं उत्तर इथे मुद्दाम वापरलेलं नाही, सिमलिंक तपासणारं जुनं ‘इसलिंक’च पुन्हा विचारलंय, कारण मधल्या वेळात वापरणाऱ्याचा कोड त्या जागी दुसरंच काही ठेवू शकतो.

‘वॉक’ यादी आपल्या हातात देऊन थांबतं, आपण ती छाटू शकतो, फोल्डर हलवू शकतो, आणि मगच ते पुढे जातं. तेवढ्या वेळात खऱ्या फोल्डरच्या जागी लिंक आली तर जुनं उत्तर खोटं ठरतं. वेगासाठी एवढा खटाटोप करणाऱ्यांनी नेमक्या या जागी जुनी, जास्त खर्चाची तपासणी ठेवली. याला काम कळणं म्हणतात. एखादा बदल अशी हमी मोडत असेल तर तो मागेच घ्यायला हवा.

इतिहास पुसल्याचा आरोप साफ खोटा. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली बदल मागे घेणारी ‘गिट रिव्हर्ट’ कमांड जुना कमिट काढत नाही, उलटा बदल करणारा नवा कमिट वर घालते. दोन्ही कुणालाही वाचता येतात. आणि संथ कोड माथी मारल्याचं म्हणाल, तर लायब्ररीच्या कोडच्या भांडारात बदल मागे घेतला म्हणून तुमच्या मशीनवरची आवृत्ती आपोआप बदलत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. परवानगी नसलेला फोल्डर ‘वॉक’ काही न बोलता सोडून देतं. बॅकअपसाठी हे धोक्याचं आहे. पण उपाय दस्तऐवजात लिहिलेला आहे: ‘ऑनएरर’ला एक फंक्शन द्या, ते चूक नोंदवेल. आणि हो, नुसतं ‘हा कमिट मागे घेतला’ एवढाच आपोआप येणारा मजकूर ठेवून कारण न लिहिणारे लोक आहेत, त्यांच्यावर चिडायला माझी हरकत नाही.

भाचीच्या स्क्रिप्टमध्ये ‘वॉक’ परत बसवलंय, ‘ऑनएरर’ जोडलंय, आणि फायली काढण्याआधी यादी छापून ती थांबते. ज्यांनी ते फंक्शन चिकटवलंय त्यांनी स्क्रिप्ट पुन्हा चालवण्याआधी त्या फोल्डरात ‘फाइंड’ कमांड ‘टाइप एल’ देऊन चालवा. ज्या सिमलिंक दिसतील त्या कुठे जातात ते एकेक करून बघा.