२८ गुणिले ३ बरोबर चूक

रासायनिक समीकरण संतुलित झालं की मला दर वेळी वाटतं, संपलं, आता नुसता गुणाकार राहिला. आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खातं. अमोनियाचं समीकरण घ्या. नायट्रोजन १, हायड्रोजन ३, अमोनिया २. दिसायला किती गरीब! मग प्रश्न येतो, २८ ग्रॅम नायट्रोजनला हायड्रोजन किती लागेल? हात आपसूक २८ ला ३ ने गुणतो आणि ८४ लिहून मोकळा होतो. खरं उत्तर ६ ग्रॅम. चौदापट चूक, तीही सुवाच्य अक्षरात.

त्या १:३:२ ला ग्रॅम कळतच नाहीत. ते फक्त डोकी मोजतात, तीही मोल नावाच्या ठरावीक गठ्ठ्यांत. नायट्रोजनचा एक मोल २८ ग्रॅमचा, हायड्रोजनचा अवघा २ ग्रॅमचा, म्हणून ३ मोल म्हणजे ६ ग्रॅम. दोन्ही मिळून ३४, आणि अमोनियाचे २ मोल, प्रत्येकी १७, पुन्हा ३४. वस्तुमान जुळलं. मोलांची बेरीज मात्र डावीकडे ४ आणि उजवीकडे २. ती जुळायची नसतेच, पण ती जुळवायला निघून चांगलं संतुलित समीकरण बिघडवायचा मोह मोठा असतो.

आता मोल म्हणजे तरी काय? २० मे २०१९ पासून अधिकृतपणे ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, इतके कण. मोजत बसायला आयुष्य पुरणार नाही, म्हणून तराजू. तराजूला ग्रॅम कळतात, समीकरणाला मोल, आणि या दोघांमधली दुभाष्याची बिनपगारी नोकरी आपल्याकडे.

काम सरळ आहे. ५४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमपासून ऑक्साइड किती? समीकरणात अ‍ॅल्युमिनियम ४, ऑक्सिजन ३, ऑक्साइड २. धातूचा एक मोल २७ ग्रॅमचा, म्हणून आधी ५४ भागिले २७, म्हणजे २ मोल. मग गुणोत्तर: जे हवंय ते वर, जे हातात आहे ते खाली, म्हणजे २/४. आला १ मोल. ऑक्साइडचा एक मोल १०२ ग्रॅमचा, म्हणून त्याला १०२ ने गुणा, १०२ ग्रॅम. गुणोत्तर उलटं धरलं तर ४ मोल, म्हणजे ४०८ ग्रॅम येतात. ५४ ग्रॅम धातूत ३५४ ग्रॅम ऑक्सिजन शिरला, असं आपण शांतपणे लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारतो. आणखी एक लाडकी चूक म्हणजे २७ ला आधीच ४ ने गुणून ठेवणं. समीकरणातला तो ४ मोलर वस्तुमानात, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममध्ये, घालायचा नसतो, त्याची पाळी गुणोत्तरात येते. ऑक्सिजनचं मात्र उलट: तो जोडीने राहतो, म्हणून ३२ धरायचा. १६ धरलात तर ४८ ऐवजी २४ ग्रॅम येतील आणि बेरीज १०२ ऐवजी ७८ वर अडेल. ही बेरीज करून बघायला दहा सेकंद लागतात. तीच कोणी करत नाही.

खरी गंमत दोन्ही वस्तू मोजून दिल्यावर. १० ग्रॅम हायड्रोजन, ६४ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती? डोळे म्हणतात, हायड्रोजन बिचारा १० ग्रॅम, तोच आधी संपणार. पण तो ५ मोल आहे आणि ऑक्सिजन फक्त २. दोनाला एक या हिशेबाने ऑक्सिजनच्या २ मोलांना हायड्रोजनचे ४ पुरतात. ऑक्सिजन संपतो, पाणी ७२ ग्रॅम होतं आणि तो ‘बिचारा’ २ ग्रॅम शिल्लक उरतो. वजनावरून कीव करू नये.

कागदावर सगळं जमलं तरी बाटली असतेच. ०.१ मोल मोरचूद हवा म्हणून १५९.६ (पाण्याविना कॉपर सल्फेटचा एक मोल) चा दशांश, साधारण १६ ग्रॅम तोलला. बाटलीतली पूड निळी. म्हणजे आत स्फटिकजलाचे, स्फटिकात अडकलेल्या पाण्याचे, पाच रेणू आणि मोलर वस्तुमान २४९.७. हवे होते जवळपास २५ ग्रॅम. कमी पडलेल्या तांब्याचा दोष मग पुढच्या प्रत्येक पायरीवर टाकला जातो, लेबल सोडून.

आणि शेवटी उतारा, म्हणजे हिशेबाच्या मानाने प्रत्यक्ष हाती किती आलं ते. बेरियम सल्फेटचा अवक्षेप (द्रावणातून खाली बसलेला साका) हिशेबाने २.३३ ग्रॅम यायला हवा, तराजू म्हणतो २.४२. जवळपास १०४ टक्के! आनंद मानू नका, गाळणकागद ओला आहे. शिवाय अवक्षेप नीट धुतला नसेल तर विरघळलेलं मीठही त्यातच बसलेलं असतं. धुवा, वाळवा, गार होऊ द्या (गरम भांडं तराजूवर खोटं हलकं भरतं), तोला. पुन्हा वाळवा, पुन्हा तोला, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत. आता २.२१ आले, म्हणजे ९५ टक्के. उरलेले ५ टक्के गाळणकागदाला, चंचुपात्राला आणि काचेच्या कांडीला चिकटलेले असतात, पण वहीत ‘प्रायोगिक त्रुटी’ लिहायची पद्धत आहे.