बिंदूवाल्या फाइलींचा संसार

नवा लॅपटॉप घेतलात? अभिनंदन. आता निदान महिनाभर कामाला हात लावू नका. पुण्याच्या कंपनीला कळवा की सेटअप चालू आहे. भुसावळ-जळगावात बसून काम करणाऱ्याला हे कारण शोभतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की इकडे जुनी मशिनं खरंच मान टाकतात आणि साहेबालाही ते ऐकून माहीत असतं.

सेटअप म्हणजे काय, तर तुमच्या होम फोल्डरातल्या, नावापुढे बिंदू असलेल्या फाइली. आज्ञा टाइप करायचं शेल, लिहायचा एडिटर, बदलांचा इतिहास ठेवणारं गिट, दूरच्या मशिनवर शिरायचं एसएसएच, सगळ्यांच्या आवडीनिवडी त्यांच्यात. त्या लपलेल्या का असतात, तेही ऐकून घ्या. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाल्यावस्थेत, फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही आज्ञा लिहिताना एक बिंदू (हे फोल्डर) आणि दोन बिंदू (वरचं फोल्डर) या दोनच नोंदी यादीतून गाळायच्या होत्या. लिहिणाऱ्यानं कंटाळा केला आणि पहिलं अक्षर बिंदू दिसेल ते सगळंच गाळून टाकलं. युनिक्सच्या जुन्या चमूतले रॉब पाइक यांनी 2012 मध्ये ही हकिगत लिहून ठेवली आहे. तर असा हा कंटाळ्याचा वारसा, आणि वारसा म्हटल्यावर तो जपायलाच हवा.

जपायची साधनं सगळी ओपन सोर्स आहेत, फुकट आहेत. फुकट आहेत म्हणून सगळी लावा. जीएनयू स्टो तुमच्या फाइली एका जागी ठेवतं आणि मूळ जागी तिकडे बोट दाखवणाऱ्या नुसत्या सिमलिंक लावून देतं. याडम म्हणजे गिटवरच घातलेली झूल. चेझमॉय सगळ्यांत हुशार: ते बिंदूच्या जागी 'डॉट' असं अक्षरी लिहून फाइली सांभाळतं आणि साच्यांतून प्रत्येक मशिनसाठी वेगळी प्रत काढून देतं. तुमच्याकडे मशिन एकच आहे, हा आक्षेप मनात आणू नका. 'मशिन जळगावचं असेल तर अमुक, नंदुरबारचं असेल तर तमुक' अशी अट साच्यात लिहून ठेवा. नंदुरबारचं मशिन येईल तेव्हा येईल.

स्टो वापरताना 'अडॉप्ट' हा पर्याय आवर्जून द्या, आणि त्याआधी गिटमध्ये कमिट करायची, म्हणजे आहे ती प्रत नोंदवून ठेवायची, घाई करू नका. हा पर्याय नव्या लॅपटॉपवर पडलेली कोरी फाइल उचलून तुमच्या संग्रहात नेऊन ठेवतो. तीन वर्षं घासूनपुसून केलेली तुमची फाइल तिथेच होती ना? होती.

एवढं झालं की रेपो, म्हणजे गिटमधला हा अख्खा संग्रह, इंटरनेटवर पब्लिक करा. लपवण्यासारखं काय आहे आपल्याकडे! नुसती बॅश या शेलची फाइल टाकून थांबू नका, प्रोग्रॅमांच्या सेटिंगचं अख्खं 'डॉट कॉन्फिग' फोल्डर पुश करा, म्हणजे वर चढवा. त्यात काय काय आहे हे उघडून बघणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं. दुसऱ्या दिवशी कुणी सांगितलंच की त्यात अमुक सेवेची गुप्त किल्ली गेली आहे, तर शांतपणे ती ओळ पुसा, 'मायनर क्लीनअप' असा संदेश लिहून कमिट करा आणि जेवायला बसा. जुनं कमिट इतिहासात जसंच्या तसं राहतं खरं. पण लग्न मोडल्यावर गावभर वाटलेल्या पत्रिका कोण परत गोळा करतो? शिवाय पब्लिक रेपोंतून किल्ल्या वेचणारे बॉट इतके तत्पर असतात की तुम्ही पुसायच्या आत त्यांचं काम झालेलं असतं. ती किल्ली रद्द करून नवी काढणं हा एक उपाय आहे, पण त्यात लॉगिन करावं लागतं आणि ओटीपी आबांच्या मोबाइलवर जातो.

आता क्लाउडकडे वळू. आबांचं आधार, पॅन, सातबारा, केळीच्या पट्ट्या (व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या पावत्या), धाकटीचा जातीचा दाखला, हे सगळं तुम्ही क्लाउडवर ठेवलंत ते चांगलंच केलंत. मात्र तिथे ते उघडं पडलंय हे तुम्हाला परवा एका व्हिडिओमुळे कळलं आणि तेव्हापासून झोप नाही. तर क्लाउडवर फाइली ने-आण करणारं आर-क्लोन घ्या. निक क्रेग-वुड यांचं हे साधन चांगलं आहे, आणि त्याचं 'क्रिप्ट' तर फारच चांगलं. फाइल तुमच्या मशिनवरून निघायच्या आधीच ती 64 किबिबाइटच्या तुकड्यांत एनक्रिप्ट होते, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणारी होते, वरच्या कंपनीला नुसता गाळ दिसतो. फाइलींची नावंही बदलतात. पण नावं बदलली की आपल्यालाच ओळखू येत नाहीत, म्हणून तो पर्याय बंद ठेवा. मग वर 'आबा आधार डॉट पीडीएफ डॉट बिन' असं स्वच्छ दिसतं. आत काय आहे ते कुणाला कळत नाही, फक्त कुणाचं काय आहे तेवढं कळतं.

इथे खरी मेख आहे, लक्ष देऊन वाचा. क्रिप्टचा पासवर्ड आर-क्लोन स्वतःच्या कॉन्फिग फाइलीत लिहून ठेवतं. वाचताना तो अगम्य दिसतो, त्यामुळे तो एनक्रिप्ट केलेलाच आहे असं मानून चाला. प्रत्यक्षात तो नुसता झाकलेला असतो, वरवर नजर जाऊ नये एवढ्यापुरता. आर-क्लोनचीच 'रिव्हील' ही आज्ञा तो क्षणात उलगडून दाखवते. कॉन्फिग फाइलीला वेगळा पासवर्ड लावायची सोय त्यांनी दिलेली आहे. ती वापरली तर रोज टाइप करावा लागेल, म्हणून नको. आणि ही फाइल असते कुठे? 'डॉट कॉन्फिग' फोल्डरात. जे तुम्ही कालच पुश केलंत.

ज्यांना हा प्रकार फार उघडावाघडा वाटतो त्यांच्यासाठी दुसरी, जास्त सभ्य पद्धत आहे. सगळी गुपितं चेझमॉयमध्ये 'एज' हे एनक्रिप्शनचं साधन वापरून एनक्रिप्ट करा. मग एजची किल्लीही त्याच किल्लीनं एनक्रिप्ट करून त्याच रेपोत ठेवा. आर-क्लोनची कॉन्फिग फाइल बॅकअपला पाठवा, पण फक्त आर-क्लोनच्याच एनक्रिप्ट केलेल्या जागेत. आता तुमचा डेटा पूर्ण सुरक्षित झाला. चोरापासून, कंपनीपासून, सरकारपासून, आणि उद्या लॅपटॉप बदललात की तुमच्यापासूनही. असा बंदोबस्त फुकटात दुसरं कोण करून देतं?

आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलची भीती वाटत असेल तर फाइली एनक्रिप्ट करून तिजोरीत ठेवणारं क्रिप्टोमेटर आहे. खिडकीवालं, देखणं. फाइलींची संख्या, त्यांचा आकार आणि तारखा ते लपवत नाही, पण आपल्याकडे तेवढं कोण मोजतो. तिजोरी उघडायचा पासवर्ड विसरलात तर म्हणून ते 44 इंग्रजी शब्दांची एक रिकव्हरी की देतं. ती हातानं कागदावर उतरवणं म्हणजे शाळेतली शिक्षा वाटते. त्यापेक्षा तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करा. तो स्वतःच्या डेस्कटॉपवर उतरवून घेतो, दोन रुपयांत छापून देतो आणि फाइल पुसायचं त्याच्या कधी मनातही येत नाही. हा तुमचा ऑफसाइट बॅकअप.

राहता राहिलं सिंक. आर-क्लोनचं 'कॉपी' नुसतं नेऊन ठेवतं. 'सिंक' मात्र तिकडचं इकडच्यासारखं करतं, म्हणजे इकडे जे नाही ते तिकडूनही उडवतं. तुम्ही सिंकच वापरा. 'ड्राय रन' लावून आधी काय उडणार ते बघता येतं, पण पुरुषाच्या जातीनं इतकं भिऊ नये. नव्या लॅपटॉपवर कागदांचं फोल्डर अजून रिकामं असतानाच ते सिंक, ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या क्रॉनला लावा, रात्री दोनला. वीज असलीच तर काम चोख होतं.

मग कधीतरी केळीच्या विम्याची मुदत संपत येईल आणि आबा ओट्यावरून हाक मारतील, "मना सातबारा कथा शे रे भो?" म्हणजे माझा सातबारा कुठे आहे. घाबरू नका. त्यांना एनक्रिप्शन समजावून सांगा. समजावता समजावता महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा पुन्हा काढा आणि तो जुनाच आहे असं भासवा. आधार-पॅनही परत निघतं. फक्त केळीच्या पट्ट्या कुठल्याच संकेतस्थळावर नसतात. त्या मागायला रावेरला व्यापाऱ्याकडे जावं लागेल, आणि त्याच्या पोरानं गेल्याच आठवड्यात दुकानाचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून चेझमॉय लावलंय.